लेखाखालचं नाव

शुगर लँड, टेक्सास
९ नोव्हेंबर २०२४

जगू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी कपाळाला आठ्या घालशील, मग पाकीट उलटंपालटं करशील आणि बहुतेक कचऱ्यात टाकशील. टाक. पण नैनाला रागावू नकोस. पत्ता तिने आपणहून दिला नाही, मी पोरीच्या हात धुऊन मागे लागले. तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, ईमेल कुठे जातात देव जाणे, आणि फोन लावला तर एक बाई थाई भाषेत काहीतरी गोड बोलते आणि कट करते. मग कागदाशिवाय माझ्याकडे राहिलं काय? पोस्टातल्या मुलीने 'व्हिएंतियान, लाओस' वाचून विचारलं की हे कुठल्या स्टेटमध्ये येतं. मी म्हटलं, बाई गं, थायलंडच्या शेजारी, नदीच्या पलीकडे.

नदीच्या पलीकडे! पिमसारखी बायको आणि नैनासारखी पोरगी उदोन थानीत, आणि तू एकटा दुसऱ्या देशात खोली घेऊन. एकोणीस वर्षं जिथे गणित शिकवलंस, जिथे घर बांधलंस, ते गाव तिथून दिसत नाही पण तो देश दिसतो म्हणे. नैना सांगत होती की तू संध्याकाळी नदीवर जाऊन बसतोस.

गेल्या रविवारी भाऊबीज झाली. ताट केलं, निरांजन लावलं आणि चंद्राला ओवाळलं. आमच्या मागच्या अंगणातून चंद्र दिसत नाही, म्हणून ताट घेऊन रस्त्यावर गेले. शेजारचा माणूस कुत्रं फिरवत होता. 'एव्हरीथिंग ऑल राइट?' म्हणाला. मी म्हटलं, ऑल राइट. कसलं बोडक्याचं ऑल राइट!

आता मुद्द्यावर येते, कारण तू म्हणशील ताईला पाल्हाळ लावायची सवयच आहे. मी काय मुद्दाम केलं का रे? मंडळाच्या दिवाळी अंकाची त्या वर्षी मी संपादक होते. मोठ्या हौसेने घेतलं होतं काम. जाहिराती भरपूर आल्या, लेख येईनात. जे आले ते 'आमची अलास्काची क्रूझ' आणि 'इन्स्टंट पॉटमधले उकडीचे मोदक'. आणि माझ्याकडे तुझी पत्रं होती. थायलंडच्या राजकारणावर, तिथल्या माणसांवर इतकं जिवंत मराठीत कोण लिहितंय? मी त्यातून एक लेख केला. जसंच्या तसं छापलं, तुझ्या नावाने, फोटोसकट, अभिमानाने छापलं. ते वेबसाइटवर जाईल, तुला शाळेत बढती द्यायच्या वेळी कमिटी तुझं नाव इंटरनेटवर शोधेल, आणि मशीन त्याचं थाई भाषांतर करून त्यांच्यापुढे ठेवेल, हे मला स्वप्नात तरी दिसलं होतं का?

एवढंच सांगायचं होतं. अरुण बरा आहे, रिटायर झाल्यापासून मला स्वयंपाक शिकवतो. कुश अ‍ॅशबर्नलाच आहे, डेटा सेंटरमध्ये, लग्नाचं नाव काढत नाही. उत्तर पाठव. शिव्या दिल्यास तरी चालतील.

ताई


१९ जानेवारी २०२५

जगू,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परतही आलं नाही, म्हणजे कुणीतरी घेतलंय.

इथे परवा बर्फ पडणार म्हणतात. ह्यूस्टनमध्ये बर्फ! सगळ्या गावाची पाचावर धारण बसली आहे. दुकानात पावाची एक लादी शिल्लक नाही. अरुण नळांना जुने टॉवेल गुंडाळत फिरतोय आणि मी तुला लिहायला बसले आहे, कारण आज रविवार आहे.

रविवारी सकाळी तुझं पत्र यायचं. मी चहा घेऊन लॅपटॉप उघडायचे आणि अरुणला सांगायचे, आता तासभर मला हाक मारू नकोस. दोन वर्षं झाली तरी अजून उघडते. सवय मोडत नाही मेली. मग जुनीच वाचते. परवा ते वाचलं, तुझा सासरा आणि मोठा मेहुणा यांचं. एक लाल शर्टवाला, एक पिवळ्या शर्टवाला. शर्टाच्या रंगावरून माणूस राजकारणात कुठल्या बाजूचा ते कळतं हे मला तूच शिकवलंस. दोघं नव्या वर्षाच्या सणाला एका चटईवर बसून चिकट भात खातात आणि दिवसभर फक्त माशांवर बोलतात. तू लिहिलंस, 'ताई, आपल्या अकोल्याला अशा पंगतीत ताटं उडाली असती. इथे आवाज चढत नाही. इथे माणूस चिडला की जास्त हसतो, आणि ते हसू ओळखायला मी अजूनही चुकतो. हे माझं मत, चूकही असेल.'

आणि ते निवडणुकीचं. लोक मतं देतात, ज्याला देतात तो पक्ष बरखास्त होतो, लोक पुन्हा रांगेत उभे राहतात, तेवढ्याच शिस्तीत, डोक्यावर छत्र्या धरून. याला सहनशक्ती म्हणायचं की हट्ट, तुला ठरवता येत नव्हतं. मी त्यावर तुला दोन पानं भांडण लिहून पाठवलं होतं, आठवतं? मी थायलंड नकाशातसुद्धा नीट पाहिलेला नव्हता, पण भांडायला काय लागतं!

एका पत्रात तू लिहिलंस की आपल्यासारख्यांना तिकडे 'खॅक' म्हणतात, म्हणजे पाहुणे. 'पाहुण्याला प्रेमाने जेवायला घालतात, मत विचारत नाहीत. मला ते मान्य आहे. पण ताई, पाहुण्यालाही कान असतात, आणि ऐकलेलं कुठेतरी ठेवावं लागतं. ते मी तुझ्याकडे ठेवतो. फक्त तुझ्याकडे.' हा तुकडा मी अंकात घेतला नव्हता. जागा नाही असं तेव्हा स्वतःला सांगितलं. जागा होती.

आईच्या तेराव्याला तू अकोल्याला आलास, त्यालाही आता वर्ष झालं. माझ्या पंगतीत वाढायला आलास. माझ्याकडे न बघता बुंदीचा लाडू पुढे केलास आणि म्हणालास, 'घ्या.' घ्या! सख्ख्या बहिणीला! परक्याच्या लग्नात वाढपी म्हणतो तसं. त्यापेक्षा ताट लाथाडलं असतंस तर बरं झालं असतं. मी तो लाडू पदराआड धरून मागच्या खोलीत जाऊन रडले. मोठी मामी समजली मी आईसाठी रडतेय. आईसाठी पण रडतच होते.

नैनाची उंची किती झाली रे? पिम अजून त्या लोणच्याच्या मोहरीची आठवण काढते का? मी पाठवू शकते.

ताई


१६ मार्च २०२५

जगू,

आज जे लिहितेय ते एका दमात लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

आमच्याकडे पानं झाडायला, गवत कापायला एक माणूस येतो. होसे त्याचं नाव. दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी. सात वर्षं येतोय. माझ्या हातची पुरणपोळी खाऊन 'टॉर्तिया दुल्से' म्हणतो, म्हणजे गोड पोळी. महिना दीड महिना आला नाही. त्याच्या बायकोला फोन केला तर ती नुसती रडली. इमिग्रेशनवाल्यांनी त्याला पकडून नेलं होतं. माझं डोकंच फिरलं. मी आमच्या कॉलनीच्या फेसबुक ग्रुपवर लांबलचक लिहिलं. कोण नेतं, कशासाठी नेतं, या देशाला झालंय काय, सगळं. तुला माहीत आहे मी लिहायला लागले की मागेपुढे बघत नाही.

तासाभरात कुशचा फोन. 'मॉम, टेक इट डाउन. नाउ.' मी म्हटलं, अरे, खोटं काय लिहिलंय त्यात? तर म्हणतो, 'यू आर नॉट अ सिटिझन, मॉम. यू हॅव अ ग्रीन कार्ड. दे लुक अ‍ॅट धिस स्टफ.' अरुण मागून म्हणाला, बरोबर बोलतोय तो. अरुणने केव्हाच नागरिकत्व घेतलं. मी नाही घेतलं. निळा पासपोर्ट परत करायचा जिवावर येतं. तेवीस वर्षं इथे राहून मी पण पाहुणीच निघाले की. डिसेंबरमध्ये भारतात जाऊन यायचं होतं, परतताना एअरपोर्टवर फोन मागितला तर? मी पोस्ट काढली.

मग वाटलं, अगदीच गप्प कसं बसायचं? पुन्हा लिहायला घेतलं. 'काही लोक म्हणतात की', 'मला नक्की माहीत नाही', 'चूक असेन तर सांगा'. वाचून पाहिलं आणि हात थांबले. हे तुझं लिहिणं होतं, जगू. हुबेहूब तुझं.

तर ऐक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की जसंच्या तसं छापलं. दोन वर्षं सगळ्यांना तेच सांगतेय. अरुणला, आईला, आरशाला. खोटं आहे ते. तुझ्या पत्रात पावलोपावली 'मला वाटतं', 'असं ऐकलं', 'चूकही असेल' होतं. मला ते गुळमुळीत वाटलं. म्हटलं, माझा भाऊ काय घाबरट आहे का? सगळं काढलं. संपादकाचं कामच ते, असं मानून काढलं. आणि शेवटचा परिच्छेद. तू लिहिलं होतंस की वर्गातली मोठी मुलं कधीकधी हळूच राजघराण्याबद्दल एक प्रश्न विचारतात, आणि तू उत्तर देत नाहीस, फळ्याकडे वळून पुढचं गणित लिहितोस. मी मुलं काढली. वर्ग काढला. फळा काढला. नुसता प्रश्न ठेवला, तोही असा की विचारणारा तूच आहेस असं वाटावं. लेखाचा शेवट जोरदार झाला. मंडळात सगळ्यांनी वाहवा केली, माझी कॉलर ताठ झाली. खाली तुझं नाव, गावाचं नाव, शाळेचं नाव.

राजघराण्याच्या अपमानाविरुद्धच्या कायद्याखाली तिकडे कुणीही कुणाविरुद्ध तक्रार करू शकतं आणि शिक्षा वर्षांत मोजतात, हे तूच मला लिहिलं होतंस. मी विसरले नव्हते. मला वाटलं, मराठी कोण वाचतंय तिकडे. शाळेने तुझा करार पुढे वाढवला नाही, कुणी तक्रार करायच्या आत तू नदी ओलांडलीस, आणि मी इथे बसून लोकांना सांगितलं की जगू जरा जास्तच मनाला लावून घेतो.

माफी मागायला तोंड नाही मला. तरी मागते.

ताई


२७ एप्रिल २०२५

जगू,

नैनाने फोन केला. आपणहून केला, शप्पथ. पोरीचं मराठी तुझ्यासारखं आणि लाजणं पिमसारखं. 'आत्या, बाबा तुमची पत्रं वाचतात,' म्हणाली. मी म्हटलं, सगळी? 'सगळी. आईला पण थाईमध्ये सांगतात. लाडवाचं सांगताना थांबले.' मी फोन अरुणकडे दिला, तोंडावर पाणी मारून आले आणि परत घेतला.

मग तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. शाळेच्या हेडबाईंनी पिमला दोनदा निरोप दिला होता की तो लेख जगन्नाथसरांचा नाही असं कुणी लिहून दिलं, तर त्यांना तुला परत घ्यायची इच्छा आहे. गणिताला तुझ्यासारखा माणूस मिळत नाही त्यांना. आणि तू नाही म्हणालास. का, तर 'मी खोटं लिहून देणार नाही, आणि ताईने बदललं असं लिहिलं तर तिचं नाव त्या कागदावर जाईल.'

अरे माझ्या राजा. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण लिहिलेलं आपल्याला कळणार नाही का? दोन वर्षं तुझ्या हातात माझं नाव होतं आणि तू ते कुणाला दिलं नाहीस. मी मात्र तुझं नाव चार रंगांत छापून वाटलं. रागावून 'घ्या' म्हणणारा तू, आणि आत हे! खूप रडले, आणि खरं सांगायचं तर तुझा रागही आला. असला कसला समजूतदारपणा? ओरडायचंस की माझ्यावर!

आता मी काय करणार ते ऐक. तुझं मूळ ईमेल माझ्याकडे आहे. ते आणि छापलेला लेख शेजारी शेजारी ठेवते, कुठे काय कापलं त्यावर खुणा करते आणि खाली सही करून हेडबाईंना पाठवते. इथल्या थाई मंदिरात रविवारी जेवण असतं, तिथे एक बाई मुलांना थाई शिकवतात, त्यांच्याकडून भाषांतर करून घेते. सरळ आहे. आता तू मध्ये पडू नकोस.

ताई


१८ मे २०२५

जगू,

सरळ नव्हतं.

मंदिरातल्या बाई पंचाहत्तरीच्या आहेत, या देशात पंचेचाळीस वर्षं काढली. तिखट कच्च्या पपईची कोशिंबीर माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, आधी खा. मग मी सगळं इंग्रजीत सांगितलं, तुझं ईमेल दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, 'तू भावाला सोडवायला हा कागद पाठवणार? या कागदावरून एवढंच सिद्ध होतं की मुलं असं विचारतात हे त्याने ऐकलं, लक्षात ठेवलं आणि परदेशी लिहून पाठवलं. उद्या कुणी विचारलं, कुठली मुलं?' मग त्या माझ्याकडे बघून हसल्या, आणि मला तुझं वाक्य आठवलं. त्या चिडल्या होत्या.

मी बावळटासारखी म्हटलं, मग काय करू? त्या म्हणाल्या, 'हे त्याने लिहिलंच नसेल तर प्रश्नच मिटला. मग कुणी लिहिलं?'

गाडीत येऊन बसले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, एसी लावायचंही सुचलं नाही. कुणी लिहिलं? विचार केला, खरंच कुणी लिहिलं? भीती काढून टाकली ती मी. मुलांना पुसलं ते मी. तो जोरदार शेवट माझाच, तुझ्या पत्रात तो कुठे होता? घरी आले आणि लिहून टाकलं.

मंडळाच्या वेबसाइटवर कालपासून आहे. 'दिवाळी अंक २०२२ मधील थायलंडविषयीचा लेख मी, शरयू अरुण देशमुख, संपादक या नात्याने स्वतः लिहिला होता. त्यातली मतं माझी आहेत. माझे बंधू जगन्नाथ यांचं नाव आणि छायाचित्र मी त्यांना न विचारता वापरलं.' मूळ लेख काढून टाकला. तेच मंदिरातल्या बाईंकडून थाईत करून, सही करून, पिमच्या पत्त्यावर पाठवलं. तुझ्या पत्त्यावर नाही. तू हेडबाईंना दिलं नसतंस हे मला माहीत आहे. पिम देईल. बायका अशा वेळी शहाण्या असतात.

तर याही वेळी तुला न विचारता छापलं. सवय जाते का?

अरुणशी मोठं वाजलं. 'अगं, खोटं आहे ना हे?' मी म्हटलं, अर्धं. तो म्हणाला, 'आणि उरलेल्या अर्ध्यासाठी तुला तिकडच्या एअरपोर्टवर कुणी थांबवलं तर?' मी म्हटलं, थांबवायला मी तिकडे जाईन तेव्हा ना! त्यावर तो उठला आणि आमची डिसेंबरची तिकिटं कॅन्सल केली. तुला सांगितलं नव्हतं. भारतातून परतताना चार दिवस उदोन थानीला उतरायचं ठरवलं होतं आम्ही. तू दार उघडलं नसतंस तर पिमने उघडलं असतं, असा माझा हिशेब होता. तुझं घर पाहायचं होतं रे. मागच्या दारातलं ते फणसाचं झाड, आणि तू पेपर तपासतोस ती पडवी. फोटोत पाहून पाहून मला पडवीच्या फरशीचा तुटका कोपरासुद्धा पाठ आहे. आता ते फोटोतच. मन इतकं तिकडे ओढ घेतं की कालपासून मी काही खाल्लं की आधी वाटतं, हे जगूला आवडलं असतं.

मंडळात काय चाललं असेल ते विचारू नकोस. एकीने फोन करून विचारलं, 'स्वतःचा लेख भावाच्या नावावर? म्हणजे उलटं ऐकलं होतं, हे काहीतरी नवीनच!' यंदाचं संपादन गेलं. कार्यक्रमात लोक माझ्याशी फार प्रेमाने बोलतात, म्हणजे समजून घे. माझी तक्रार नाही.

तू जा फक्त. पूल ओलांड.

ताई


२९ जून २०२५

जगू,

काल फोनवर जे बोलता आलं नाही ते लिहिते, कारण काल मी काहीच बोलले नाही. बोलले का? तूच बोललास. 'ताई, तू मला न विचारता परत माझ्या आयुष्यात ढवळाढवळ केलीस.' केली. 'तुला अक्कल आहे का?' नाही. 'आता तुला इकडे कधी येता येणार नाही, कळतंय का?' कळतंय. किती ओरडलास रे! अडीच वर्षांचं एकदम. अरुण म्हणाला, स्पीकर कमी कर. मी नाही केला. कानात साठवून घेत होते सगळं. मध्ये एकदा चुकून 'काहून' म्हणालास, अगदी अकोल्याच्या शाळेतून आल्यासारखं, तेव्हा मी तोंडात पदर कोंबला.

मग जरा शांत झालास. सोमवारपासून पुन्हा वर्ग आहेत म्हणालास. हेडबाईंनी कागद वाचून फक्त एवढं विचारलं की तुमच्या बहिणीला गणित येतं का, म्हणजे तिलाही घेऊ. त्या हसून म्हणाल्या, पण ते कुठलं हसू हे तुला अजून कळलेलं नाही.

आणि मग तू म्हणालास, 'ताई, मिनिटभर थांब.' मागून बँड वाजायला लागला. तू बाजारात होतास. तुझ्याकडे संध्याकाळचे सहा, माझ्याकडे सकाळचे सहा. तिकडे रोज या वेळी राष्ट्रगीत लागतं आणि जो जिथे असेल तो तिथे उभा राहतो, हे मला माहीत नव्हतं. तुझ्या एकाही पत्रात नव्हतं. मला वाटलं फोन गेला. 'जगू, जगू' करत राहिले. तू कुजबुजलास, 'उभा आहे. पाहुण्यांनी पण उभं राहायचं असतं.'

मी चहाखालचा गॅस बंद केला आणि ओट्यापाशी उभी राहिले. अरुण म्हणाला, काय झालं? मी ओठांवर बोट ठेवलं. तुझ्या बाजूला सगळा बाजार गप्प होता. कुठेतरी एक कोंबडी कलकलत होती, एक स्कूटर बंद होताना ऐकली. त्या देशात मी आता पाऊल ठेवायची नाही. तिथल्या सगळ्यात कडक मतांखाली माझं नाव आहे. पण तेवढा वेळ मी तुझ्या शेजारी उभी होते, जगू. पिशवी तुझ्या हातात होती ना? मला ऐकू येत होती, प्लास्टिकची, वाऱ्यावर.

गाणं संपलं, बाजार पुन्हा सुरू झाला आणि तू म्हणालास, 'हं. बोल आता.' इतक्या महिन्यांत पत्रांमागून पत्रं लिहिली. आणि विचारलं काय, तर 'आता कुठे चाललास?'

'कुठे म्हणजे?' तू म्हणालास. 'घरी.'

ताई